फोन नसलेल्या घरातली शाळा



जून २०२० मध्ये शाळा उघडल्या नाहीत. ज्यांच्या घरी मोठा मोबाईल होता, त्यांचे वर्ग मोबाईलवर सुरू झाले. पण ज्या घरात तो नव्हता, त्या घरातल्या मुलांचे काय? नाशिकमध्ये या मुलांसाठी एक छोटे रेडिओ केंद्र पुढे आले.

आपल्याकडे रेडिओ अनेक वर्षे फक्त सरकारच्या हाती होता. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली सेवाभावी संस्थांनाही सामुदायिक रेडिओची दारे उघडली. अशा केंद्राची ताकद थोडी, आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच पोहोचतो. मात्र निदान निम्मे कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागाने आणि शक्यतो त्यांच्याच बोलीत व्हावेत, अशी अपेक्षा असते.

नाशिकचे ‘रेडिओ विश्वास’ (९०.८) हे असेच एका संस्थेचे केंद्र. जिल्हा परिषदेच्या शाळांतील तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी तिथून धडे प्रसारित होऊ लागले. सुमारे दीडशे शिक्षकांनी स्टुडिओत येऊन पाठ ध्वनिमुद्रित केले. प्रत्येक विषयाची वेळ ठरलेली होती. गरीब घरांतील पन्नास ते साठ हजार मुलांना त्याचा उपयोग झाला. या कामाला पुढे राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारही मिळाला.

इगतपुरी हा डोंगराळ, आदिवासी तालुका. तिथल्या शिक्षकांनी एक पाऊल पुढे टाकले. रेडिओही ऐकता येईल आणि पाठ साठवूनही ठेवता येतील, असे छोटे यंत्र तयार करून त्यांनी ते ४५१ मुलांना दिले. वेळ चुकली म्हणून धडा बुडण्याचे कारण उरले नाही.

आपल्या सोलापूर भागासाठी यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर लेकरेही निघतात. शाळा गावात राहते, लेकरू उसाच्या फडावर. पारधी वस्तीतल्या मुलाला तर पहिलीत पाऊल टाकताच घरची बोली सोडून पुस्तकाची मराठी समजून घ्यावी लागते. त्याच्या बोलीत समजावलेला, ओळखीच्या गुरुजींच्या आवाजातला धडा त्याच्याबरोबर कोपीपर्यंत गेला, तर हंगाम संपल्यावर वर्गात परतणे त्याला सोपे जाईल. त्यासाठी आधी मनोरा उभारायलाच हवा असे नाही. पाठ ध्वनिमुद्रित करून देणारे शिक्षक आणि ते ऐकवणारे साधे यंत्र, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते.

आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. त्यांनी याचा जरूर विचार करावा.