पाच पूर्णांक दोन सेकंद

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत ‘क्वार्टर’ म्हणजे वडिलांच्या नोकरीबरोबर मिळालेली आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर जाणारी जागा. (संध्याकाळी नाक्यावर विचारलंत तर दुसराही अर्थ निघे.) त्यामुळे बास्केटबॉलच्या एका सामन्यात चार क्वार्टर असतात असं मी घरी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, “एवढी उंच माणसं, लागणारच.”

आमच्याकडे नळाला पाणी पहाटे पाचला यायचं. एनबीएची अंतिम मालिकाही केबलवर साधारण त्याच वेळी. अमेरिकेतली रविवारची रात्र म्हणजे आमची सोमवारची पहाट. 15 जून 1998 ला मी एका हातात नळी धरून पिंप भरत होतो आणि मान दाराबाहेर काढून शिकागो बुल्स विरुद्ध उटाह जॅझ पाहत होतो. पहिला क्वार्टर जवळजवळ सगळा पाण्यात गेला. पावणेआठच्या सुमाराला उटाह 86-85 ने पुढे होतं. मायकेल जॉर्डनने मागून येऊन कार्ल मलोनच्या हातातला चेंडू उडवला, सावकाश पलीकडे नेला, ब्रायन रसेलला चकवलं आणि फेकला. 87-86. घड्याळात उरले 5.2 सेकंद. अर्ध्या गालाला फेस लावलेले बाबा मोरीतून डोकावले, “किती राहिलं?” म्हटलं, पाच सेकंद. ते आत गेले, दुसरा गाल उरकून, तोंड पुसून आले. “आता?” म्हटलं, पाच सेकंद. “सरकारी कारभार दिसतो,” म्हणाले. मग जॉन स्टॉक्टनची फेक रिंगला लागून बाहेर पडली आणि ते डबा उचलून निघाले. जॉर्डनचे त्या दिवशी 45 गुण होते. ऑफिसात कुणाला सांगणार?

बाबांची शंका मात्र रास्त होती. या खेळात थरार असतो तो घड्याळामुळे. फाउल झाला, टाइमआउट घेतला की घड्याळ थांबतं, आणि थांबलेल्या घड्याळापुढे माणूस जास्त घाबरतो. पूर्वी मात्र हा थरार नव्हता. 22 नोव्हेंबर 1950 ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असं हरवलं. हे अख्ख्या सामन्याचे गुण! चेंडू हातात धरून वेळ काढायचा, बस. लालबाग-परळच्या कबड्डीत आघाडीवरच्या संघाचा चढाईपटू मध्यरेषेजवळ रेंगाळला की प्रेक्षक त्याचा जो उद्धार करतात, तो तिथेही झाला असणार. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोनी यांनी त्यावर शाळकरी हिशोब मांडला. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंद; रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा चेंडू फेकतात. भागाकार केला, 24 आले. 1954 पासून 24 सेकंदांत फेक करणं बंधनकारक झालं. प्रो कबड्डीतली निर्वाणीची तिसरी चढाई मला याच कुळातली वाटते.

2013 मध्ये, पुन्हा जूनच्या एका सकाळी, मायामी हीट तीन गुणांनी मागे होतं. मैदानाभोवती पिवळा दोर लावायची तयारी चालली होती, सॅन अँटोनियोला चषक द्यायला. ख्रिस बॉशने उसळलेला चेंडू पकडून कोपऱ्यात दिला. रे अ‍ॅलन न बघता मागे सरकत तीन गुणांच्या रेषेबाहेर गेला आणि फेकला. बरोबरी. घड्याळ पाहिलं तर 5.2. मी एकटाच हसलो. बाबा तोवर निवृत्त झाले होते आणि क्वार्टरही गेलं होतं. पुढे अतिरिक्त वेळेत मायामी 103-100 ने जिंकलं.

हे सगळं काचेतलं. डोळ्यांसमोरचा बास्केटबॉल बघायला हार्बरचे रूळ ओलांडून माटुंग्याला जायचं, डॉन बॉस्कोत साव्हिओ चषकाला. तिथे नागपाड्याचं नाव जरा जपून घेतलं जाई. 1927 मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याने नागपाडा नेबरहूड हाउस काढलं. टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवातही 1936 मध्ये तिथलीच. संस्था यथावकाश देवनारला गेली. बास्केटबॉल नागपाड्यातून हलला नाही. बच्चू खान यांनी तिथे पोरं घडवली, आज मैदानाला त्यांचं नाव आहे. भारताचे कर्णधार झालेले, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच गल्ल्यांतले. लांब पल्ल्याच्या फेकीपेक्षा दाटीतून वाट काढणारी नागपाड्याची शैली मला आवडते. ज्याने गर्दीच्या वेळी दादर गाठलंय त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

मग 2019 मध्ये एनबीए स्वतःच वरळीला आली, एनएससीआयच्या डोममध्ये. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. अमेरिकेत लेकीच्या संघाला शिकवताना त्यांना प्रश्न पडला होता, की समोरच्याला निम्मं मैदान फुकट का सोडायचं? मुलींना त्यांनी पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला भिडायला लावलं. माल्कम ग्लॅडवेलने त्यावर लेख लिहिला.

सामने दोन. पहिला 4 ऑक्टोबरला, पण तो शाळकरी मुलांसाठी राखीव. 70 शाळांतली 3000 च्या वर मुलं. माझी पुतणी त्यात होती. मी दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढलं, अँटॉप हिलहून मोनो धरली, सात रस्त्याला उतरलो, पुढे टॅक्सी. आयुष्यात पहिल्यांदा एनबीए संध्याकाळी, आंघोळ करून, इस्त्रीच्या शर्टात.

मुलांच्या सामन्यात अतिरिक्त वेळ खेळावी लागली आणि पेसर्स 132-131 ने जिंकले. एका गुणाने! “कुणाच्या बाजूने ओरडत होतीस?” मी विचारलं. “दोघांच्या. चेंडू ज्याच्याकडे त्याच्या.” घसा इतका बसला होता की नीट ऐकूही येईना.

“आणि काका, तुमच्यात शेवटी किती सेकंद होते?”

आमचा सामना पेसर्सनी 130-106 ने घेतला. फरक बरोबर 24 चा. शेवटची दोन मिनिटं मी बाहेर टॅक्सी शोधत होतो.