बॅडमिंटनमधील जोडीचा खेळ

बॅडमिंटन खेळण्यास चौघे उभे राहिले म्हणजे प्रत्येकानें आपापला अर्धा भाग संभाळावा व त्यांत येईल तें फूल परतवावें, इतकेंच जोडीच्या खेळाचें शास्त्र, असा पुष्कळांचा समज असतो. गेल्या हिवाळ्यांत आमची सहल काशीदला गेली असतां हा समज किती अपुरा आहे हें आम्हांस दिसून आलें. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडच्या वाटेला लागलें म्हणजे काशीदचा पांढऱ्या वाळूचा किनारा येतो. त्याच्या पाठीशीं सुरूचें बन आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें या किनाऱ्यावरील पुष्कळ झाडें पाडलीं. तरी जाळें बांधण्यापुरते दोन सरळ बुंधे आम्हांस मिळाले. एका बाजूस शाळेंतील दोन सर्वांत जोरकस गडी उभे राहिले. दुसऱ्या बाजूस दोन बेताचेच, परंतु वर्षभर एकमेकांचे भिडू असलेले. पहिल्या दोघांचा एकेक फटका पाहण्यासारखा होता. पण फूल मधोमध आलें कीं दोघेही धांवत आणि रॅकेटवर रॅकेट आदळे; पुढच्या खेपेस दोघेही "तुझें, तुझें" म्हणत जागच्या जागीं उभे! दोन डाव ते सरळ हरले. त्या रात्रीं दोघे एका पंगतीस बसले नाहींत.

चूक कोणाची यावर बराच वाद झाला. आमच्या मतें चूक फटक्यांची नव्हती, उभें राहण्याची होती. एकेरीचें मैदान ४४ फूट लांब व १७ फूट रुंद असतें. जोडीसाठीं त्याची रुंदी अवघी ३ फुटांनीं वाढते, खेळाडू मात्र दुप्पट होतात. तेव्हां मोकळे कोपरे फारसे उरत नाहींत. जी मोकळी जागा उरते ती दोघां भिडूंच्या मध्यें. दोघे कसे उभे राहतात त्याप्रमाणें ही जागा सारखी बदलते, आणि प्रतिपक्ष तीच शोधीत असतो.

उभें राहण्याचे प्रकार मुख्यतः दोन. चढाई करतांना एकानें जाळ्यापाशीं व दुसऱ्यानें त्याच्या मागें राहावें. बचाव करतांना दोघांनीं शेजारीं-शेजारीं यावें. यांतील कोणता केव्हां, हें फुलावरून ठरतें. आपल्या बाजूनें फूल खालीं मारलें तर मागें-पुढें. उंच उडविलें तर तत्काळ शेजारीं. कारण उंच फुलावर प्रतिपक्ष जोरानें स्मॅश मारणार, आणि तो उजवीकडे येईल कीं डावीकडे हें आधीं कळत नाहीं. मधल्या फुलाचा तंटाही आधींच मिटवितां येतो. दोघे उजव्या हाताचे असतील तर डाव्या बाजूच्या गड्याचा सुलटा हात मध्याकडे असतो. सामान्यतः मधलें फूल त्याचें. एक गडी डावखुरा असला तर मात्र हा करार निराळा करावा लागतो.

जाळ्यापाशीं उभा असणाऱ्यानें मागें वळून पाहूं नये, हा नियम मुलांना सर्वांत जड जातो. मागचा भिडू काय करतो याची उत्सुकता कोणास नसते? पण तेवढ्या क्षणांत समोरच्या रॅकेटवरची नजर सुटते, आणि फूल तोंडावर बसण्याचा संभवही असतो. मागच्यानें मारलेला स्मॅश निर्णायक नसला तरी चालतो. त्यानें प्रतिपक्षाचें उत्तर दुबळें व्हावें, आणि तें पुढच्यानें जाळ्यावरच टिपावें, अशी ही वांटणी आहे.

सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी व मुंबईचा चिराग शेट्टी या जोडीचा खेळ या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३ सालीं तासास ५६५ किलोमीटर नोंदला गेला, म्हणून लोकांचें लक्ष त्याच्याकडे जातें. आमचें लक्ष जाळ्यापाशीं वांकून उभ्या असलेल्या चिरागकडे अधिक जातें. या जोडीनें २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविलें.

हा खेळ आपल्या प्रांतास नवा नाहीं. १८७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या लष्करी छावणींत तो इतका रुळला होता कीं त्याला 'पूना' असेंच नांव पडलें होतें. पुढें १९४० नंतरच्या दशकांत प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर व सुमन या कन्यांनीं पुण्याचें नांव राष्ट्रीय स्पर्धांत गाजविलें. त्या आरंभींच्या काळीं खेळ उघड्यावर चाले, आणि वारा सुटला म्हणजे पिसांच्या फुलाऐवजीं लोंकरीचा चेंडू घेत. काशीदला आम्हांस त्या चेंडूची फार आठवण झाली!

दुपारीं समुद्रावरून खारा वारा सुटतो. समुद्राकडे पाठ करून उडविलेलें फूल रेघेबाहेर जातें. म्हणून त्या बाजूनें फूल खालींच ठेवावें. समुद्राकडे तोंड असलेल्यानें मात्र निःशंक उंच व जोरानें मारावें, वारा तें आंत आणून सोडतो. आमचे बलवान गडी दोन्ही बाजूंनीं एकाच जोरानें मारीत राहिले होते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, वारा पडलेला असतांना, त्यांस पुन्हां खेळविलें. आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, फूल जो उंच उडवील त्यानें मोठ्यानें "वर" असें म्हणावें. पहिले पांच-सात गुण ते कोणी बोललेच नाहींत. मग एकदां जाळ्यापाशींच्या गड्यानें फूल उंच उडवून "वर" म्हटलें, दोघे सरकून शेजारीं आले, आणि मधोमध आलेला स्मॅश डावीकडच्यानें शांतपणें परतविला. उजवीकडच्याची रॅकेट त्या वेळीं हललीही नाहीं. डाव ते २१-१९ असा हरले. तिसऱ्या डावासाठीं दोघे मिळून आम्हांस विनवूं लागले, पण तोंवर गाडीचा भोंगा वाजला होता.