जांभळा कुठे संपतो? केसांचा रंग आणि एक जुना कूटप्रश्न

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात केस रंगवण्याचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या युबुलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर जे कूटप्रश्न सांगितले जातात, त्यांतला एक टकलाविषयीचाच आहे. डोक्यावरचा एक केस काढल्याने कोणी टकला होत नाही. मग आणखी एक काढू. असं करत गेलो, तर नेमका कितव्या केसाला तो टकला झाला? सीमारेषा काही सापडत नाही. हाच प्रश्न आज आपण फिकट जांभळ्या केसांत पाहू.

आधी रंगाचं गणित. काळ्या केसांवर फिकट जांभळा लावला, तर तो दिसतच नाही. केसांचा रंग भिंतीच्या ऑइलपेंटसारखा खालचं झाकत नाही. तो पारदर्शक असतो. म्हणून आधी ब्लीचने केसांतलं मेलॅनिन काढावं लागतं. काळे केस उजळताना लालसर, नारिंगी, पिवळे असे टप्पे येतात. पोचायचं कुठे, तर केळीच्या सालीच्या आतल्या बाजूइतक्या फिक्या पिवळ्यावर. नारिंगीवरच जांभळा लावला, तर मातकट दिसतो. पिवळा जास्त उरला तर? पिवळा आणि जांभळा एकमेकांना मारतात, हाती राखाडी येतं. म्हणून आधी जांभळट टोनरने पिवळेपणा घालवतात, आणि मग सेमी-परमनंट जांभळा पांढऱ्या कंडिशनरमध्ये कालवून फिका करून लावतात.

आता छटा एकमेकींत मिसळणं. मुळांशी गडद, मध्ये मध्यम, टोकांना अगदी फिका, अशा तीन वाट्या तयार ठेवायच्या. दोन छटांचा जोड सरळ रेषेत घ्यायचा नाही. प्रत्येक बटेवर तो थोडा वर-खाली घ्यायचा आणि वरचा रंग बोटांनी खालच्यात ओढायचा. शेजारच्या दोन जागा पाहा, फरक कळत नाही. मुळं आणि टोकं पाहा, रंग वेगळेच! सीमा सापडू न देणं, हेच इथलं कौशल्य.

पण हीच गोष्ट ब्लीचच्या वेळी घातक ठरते, बरं का. ‘अजून पाचच मिनिटं ठेवू.’ पाच मिनिटांनी काय होतंय, हे दर वेळी खरं वाटतं, आणि शेवटी केस तुटतात. ब्लीच मेलॅनिनबरोबर केरॅटिनचे बंधही तोडतं. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याची जखम भरून येत नाही. म्हणून जाणकार आधी एका बटेवर प्रयोग करतात, पाकिटावरची वेळ ओलांडत नाहीत, आणि ओला केस ताणून पाहतात. ताणून परत आला तर ठीक. च्युइंगगमसारखा लांबतच गेला तर थांबायचं. गडद केसांना मग काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन बैठका लागतात, लागू द्याव्यात.

जिथे निसर्ग रेषा आखून देत नाही, तिथे ती आपण काम सुरू करण्याआधीच आखायची असते. फिकट जांभळा तर थोड्याच धुण्यांत उतरतो. त्यापायी केस गमावण्यात काय अर्थ?