शिकारी रायफलीचा लाकडी दस्ता : पुनर्लेपन आणि बैठक

प्रस्तावना

चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांकडून लंडनच्या रिग्बी कंपनीची पॉइंट २७५ बोअरची रायफल भेट मिळाली. त्या प्रसंगाची नोंद करणारी चांदीची पट्टी रायफलीच्या दस्त्यावर बसविलेली आहे. कोणत्याही जुन्या शिकारी शस्त्राबाबत हे थोड्याफार फरकाने खरे असते. मालकाच्या हाताची झीज, ओरखडे, डाग ही सारी लाकडावर उमटतात, आणि नूतनीकरणाच्या उत्साहात सर्वप्रथम तीच पुसली जातात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात शिकारीचा छंद इतिहासजमा झाला. परवान्यानिशी वारशाने आलेल्या रायफली मात्र काही घराण्यांत जपल्या जातात. त्यांची दुरुस्ती शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते. अशा कामात लाकडाचे पुनर्लेपन आणि धातूची लाकडातील बैठक या दोन स्वतंत्र गोष्टी मानल्या जातात. प्रस्तुत लेखात माउझर पद्धतीच्या, अखंड अक्रोडी दस्त्याच्या रायफलीच्या आधारे त्या दोहोंचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे.

लाकडाचा स्वभाव

अक्रोडाचे लाकूड चिवट, बेताच्या वजनाचे आणि तुलनेने कमी हलणारे असल्याने युरोपातील बंदूककारांनी ते पसंत केले. तथापि ‘कमी हलणारे’ म्हणजे न हलणारे नव्हे. कोणतेही लाकूड हवेतील बाष्प घेते आणि सोडते. त्यामुळे होणारे प्रसरण तंतूंच्या लांबीच्या दिशेने नगण्य असते. वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने ते सर्वाधिक, तर त्रिज्येच्या दिशेने त्याच्या साधारण निम्मे असते. हे विषम प्रमाणच दस्ता वाकण्याचे कारण होय. दस्त्याचा पुढचा भाग अंशमात्र पिळला तरी तो नळीला एका बाजूने रेटतो आणि गोळीचा पडण्याचा बिंदू सरकतो. उन्हाळ्यात जुळविलेली रायफल पावसाळ्यात अन्यत्र मारू लागते, याचे मूळ पुष्कळदा नळीत नसून लाकडात असते.

जुना लेप उतरविणे

नव्या दस्त्यात लाकडाची कड धातूच्या कडेपेक्षा किंचित उंच ठेवण्याची प्रथा आहे. पुढील काळात होणाऱ्या घासकामासाठी ठेवलेली ती शिल्लक असते आणि ती एकदाच मिळते. पॉलिश पेपरने सरसकट घासल्यास ती संपते, धातू लाकडावर उठून दिसू लागतो, कोपऱ्यांची धार बोथट होते आणि मुठीवरील चौकटनक्षी पुसट होते. हे नुकसान भरून निघत नाही. म्हणून जुने वार्निश रसायनाने मऊ करून कापडाने पुसून काढणे श्रेयस्कर. पेपर वापरायचाच तर तो सपाट ठोकळ्यावर गुंडाळून तंतूंच्या दिशेने, आणि धातूच्या कडांपासून दूर वापरावा.

खाच आणि छेद यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. दाबल्याने पडलेल्या खाचेत तंतू तुटलेले नसतात. ओले फडके ठेवून त्यावरून गरम इस्त्री फिरविली की वाफेने ते पुन्हा फुगतात. तंतू तुटून झालेला छेद मात्र वाफेने भरत नाही. असा एखादा छेद तसाच राहू देण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

रायफल नळी वर करून उभी ठेवण्याची सवय जुन्या घरांत सर्रास आढळते. यंत्रभागाला लावलेले तेल त्यामुळे खाली झिरपून मुठीच्या लाकडात मुरते. लाकूड काळे पडते आणि कालांतराने मऊही होते. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून केलेला लेप हे तेल शोषून घेतो, परंतु तो अनेकदा लावावा लागतो. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही असल्याने जवळपास ज्योत नसावी.

तेल

जवसाचे तेल, विशेषतः सुतारांच्या बोलीतील बेलतेल, हा या कामातील परंपरागत लेप. हे तेल उडून जाऊन वाळत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून ते घट्ट होते. म्हणून अत्यंत पातळ थर, जादा तेल पुसून घेणे आणि दोन थरांत किमान एक दिवसाचे अंतर हा क्रम पाळावा लागतो. याच रासायनिक क्रियेत उष्णता निर्माण होत असल्यामुळे तेलकट चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

बेलतेलाची कांती निर्विवाद सुंदर असली तरी बाष्प रोखण्याची त्याची शक्ती अल्प आहे. पॉलियुरेथेन वार्निश त्याहून कितीतरी सरस ठरते. शिवाय बाहेरून कितीही थर दिले तरी दस्त्याच्या आतील कोरीव पोकळी आणि टेकूपट्टीखालचे आडवे कापलेले टोक कोरडेच राहिले, तर बाष्प तेथूनच शिरते. दिसणाऱ्या भागाला दहा थर आणि न दिसणाऱ्या भागाला एकही नाही, ही चूक वारंवार घडते.

बैठक

गोळी सुटताना बसणारा धक्का रिसीव्हरच्या खालच्या उंचवट्यातून लाकडात उतरतो. या उंचवट्याची मागची बाजू लाकडाला पूर्ण आणि समान टेकली पाहिजे. ती टेकली नाही तर रिसीव्हरचे निमुळते शेपूट पाचरीसारखे मागे सरकते आणि दस्त्याचा सर्वांत बारीक भाग, म्हणजे मूठ, चिरते. यासाठी शेपटामागे सुमारे अर्धा मिलिमीटर जागा मोकळी सोडतात.

स्पर्शबिंदू शोधण्यासाठी धातूवर काजळीचा पातळ थर देऊन तो दस्त्यात बसवितात व पुन्हा उचलतात. काळे डाग पडतील तेवढेच लाकूड तासले जाते. लाकूड झिजलेले असल्यास पोकळी इपॉक्सीने भरतात. त्यापूर्वी धातूला विलगक मेण लावण्याचे राहून गेले, तर रायफल आणि दस्ता कायमचे चिकटतात. बैठक पूर्ण झाल्यावर पोकळीचा आतील लेप आणि शेवटी बाह्य कांती, असा क्रम असावा. उलट क्रमाने काम केल्यास तासलेल्या जागा उघड्या राहतात.

अखेरची तपासणी रायफल रिकामी असल्याची खात्री करूनच करावी. नळी आणि दस्त्याचे टोक यांच्या सांध्यावर बोट ठेवून पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला जातो. बोटाला हालचाल जाणवली, तर रिसीव्हर अद्याप ताणाखाली बसला आहे असे समजून काजळीचे काम पुन्हा हाती घ्यावे लागते.