ठकीची दिवाळी

फडताळात एका बाजूला अनारशांच्या पिठाचा डबा, मध्ये चकलीचा सोऱ्या आणि त्याला टेकून ठेवलेली सलाईनची बाटली. २०२४ सालच्या दिवाळीत आमच्या धाराशिवच्या घरातले हे दृश्य. चकल्या पाडायला मदतीला आलेल्या शेजारणीने ते पाहिले आणि घाबरून विचारले, "कोण आजारी आहे? आत्या का?" बाहेर ओसरीवर जपाची माळ ओढत बसलेल्या सासूबाईंनी तिथूनच उत्तर दिले, "मला काय धाड भरलीय! मांजराला लावतेत ते. ऐकावं ते नवलच."

ते मांजर म्हणजे आमची ठकी. २०१० च्या पावसाळ्यात कोणीतरी बोळात आणून टाकलेले हे पिल्लू. आमची मुलगी तेव्हा रांगत होती. दोघी एकमेकींच्या मागे घरभर फिरत वाढल्या. मुलगी आता दहावीला पोचली आणि ठकी आजी झाली. मांजराची चौदा वर्षे म्हणजे माणसाची सत्तरी ओलांडल्यासारखीच.

दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की तुळजापूरची भवानी पलंगावर निजते. तिला श्रमनिद्रा म्हणतात. नऊ दिवस महिषासुराशी झुंजून देवी थकलेली असते; ती पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या दिवसांत पायी निघालेल्या भाविकांनी तुळजापूरचे रस्ते फुलून जातात. नेमकी त्याच दिवसांत ठकी दिवसभर झोपून राहू लागली. "हिचीही श्रमनिद्रा चाललीय," असे म्हणून आम्ही हसलो. पौर्णिमा झाली, देवी उठली. ठकी काही उठली नाही. वाटीतले दूध तसेच राहिले. उचलून घेतली तर हाताला पाठीचा कणा लागला. हसलो होतो, त्याची लाज वाटली.

खरे तर खूण त्याआधीच दिसली होती. उन्हाळ्यापासून ठकी न्हाणीघरातल्या बादलीवर वाकून सारखी पाणी पीत होती. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय सांगावे! वाटले, तहान लागणारच. पण मांजर हे मूळचे कोरड्या, वाळवंटी मुलखातल्या रानमांजराच्या कुळातले. लघवी घट्ट करून अंगातले पाणी राखायचे, ही त्याच्या मूत्रपिंडांची करामत. ती ताकद सरली की पाणी अंगात टिकत नाही आणि मग मांजर पीतच राहते. म्हातारे मांजर एकाएकी जास्त पाणी पिऊ लागले, तर मूत्रपिंड किंवा मधुमेह यांची शंका घ्यावी. मूत्रपिंडांचे दोनतृतीयांश काम बंद पडेपर्यंत वरून फारसे काही दिसत नाही. हे सारे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले तेव्हा उन्हाळा सरून पावसाळाही संपला होता.

डॉक्टर अर्थातच गुरांचे. आमच्या जिल्ह्याची ओळख म्हणजे उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, तरी शेळी अजून उस्मानाबादीच आहे. दवाखान्यात आमच्या पुढे दोन काळ्याभोर शेळ्या आणि एक वासरू होते. एका म्हाताऱ्याने माझ्या पिशवीत डोकावून विचारले, "काय आणलंय, बाई?" मी चाचरतच म्हटले, "मांजर." तो हसेल असे वाटले होते. त्याने ठकीकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "लई थकलंय की. तुम्ही जा पुढं, माझी शेळी दम काढंल."

मांजराला असा मान क्वचितच मिळतो. ते दूध देत नाही, औताला चालत नाही, राखणही करीत नाही. २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशींबरोबर कुत्री मोजली, ससे मोजले, हत्तीसुद्धा मोजले. पण मांजराचा रकानाच नव्हता. घराघरात असून हिशेबात नसलेला असा हा प्राणी.

रक्त तपासायला सोलापूरला पाठवले. क्रिएटिनिन दीडच्या आसपास असावे, ते पाचाच्या वर गेले होते. डॉक्टर स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "बरी होणार नाही. पण तिचे हाल कमी करता येतील." मग त्यांनी मला सलाईन द्यायला शिकवले. बाटली कोमट पाण्यात धरायची, दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि सुई कातडीखाली सरकवायची. शंभर मिलिलिटर पाणी गेले की पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो आणि काही तासांत तो जिरून जातो. पहिल्या दिवशी माझे हात कापत होते. ठकी मात्र निमूट बसून होती.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी बजावून सांगितली. ती मांजर असलेल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी. ठकीचे अंग दुखत असेल म्हणून आमच्या ह्यांनी आदल्या रात्री पॅरासिटामॉलची अर्धी गोळी कुटून ठेवली होती. रात्र फार झाली म्हणून द्यायची राहिली, हे नशीब. ते औषध पचवायची सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच जाते आणि एका गोळीनेही मांजर दगावते. लेकराला चालते ते मांजराला चालेलच असे नाही. कांदा-लसूणही त्याला विषच.

पुढचा पेच खाण्याचा होता. ठकी उकडलेल्या कोंबडीचे चार घास तेवढे खाई. सासूबाई माळकरी, आमच्या चुलीवर अंडेही कधी शिजले नाही. त्यात दिवाळी! शेवटी परसात, न्हाणीघराच्या मागे, वेगळी शेगडी आणि वेगळे पातेले मांडले. पुढच्या दारी रांगोळी आणि मागच्या दारी कोंबडी. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माळ ओढता ओढताच विचारले, "जेवली का ती?"

सोमवारी, २८ ऑक्टोबरला वसुबारस होती. त्या दिवशी दूध-तूप वर्ज्य. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. आमच्याकडे पूजा होते ती मातीच्या गाय-वासराची. खऱ्या गाईची का नाही, हे मी नवी नवरी असताना एकदा विचारले होते. पुन्हा कधी विचारले नाही. सासूबाईंचे घर उमरगा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या घरातली माणसे वाचली, गोठा मात्र बसला. गाय आणि वासरू दाव्याला होते. "दोन दिवस आवाज येत होता. पण आधी माणसं काढायची होती," एवढेच सासूबाईंनी मला सांगितले होते. त्यानंतर त्यांनी दारात जनावर बांधले नाही. ठकी घरात राहिली ती नातीच्या हट्टाने. चौदा वर्षांत सासूबाईंचा हात तिला लागला नव्हता.

त्या संध्याकाळी मातीच्या गाईची पूजा झाली. सासूबाई निरांजन घेऊन कोपऱ्यातल्या ठकीच्या टोपलीपाशी आल्या. "सटवाईचं वाहन हाय हे," असे आमच्याकडे न पाहताच म्हणाल्या आणि तिच्यावरून निरांजन ओवाळले. मी सलाईनची तयारी करू लागले, तर बाटली माझ्या हातातून घेतली. "दे, कोमट मी करते. तवा बसता आलं नाही. आता बसते." मग टोपलीशेजारी पाट मांडून त्या बसल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई त्या रात्री साडेदहापर्यंत तिथून हलली नाही.

आमची बाकीची दिवाळी तशी मुकीच गेली. आपल्याला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला साठ हजारांच्याही पुढचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके सुरू झाल्यावर मुलीने ठकीला आतल्या खोलीत नेले, खिडकीला गोधडी लावली आणि स्वतः शेजारी अभ्यास करीत बसली. भाऊबीजेला मी दरवर्षी पुण्याला जाते. या वेळी येत नाही म्हटल्यावर भाऊ फोनवर चिडलाच, "मांजरासाठी भाऊबीज चुकवतेस?" मला उत्तर सुचले नाही. रविवारी दुपारी तो एसटीने येऊन दारात उभा राहिला. ओवाळून झाल्यावर ठकीच्या टोपलीपाशी गेला आणि बराच वेळ तिच्या कपाळावरून बोट फिरवीत राहिला. जाताना म्हणाला, "ताई, बरं झालं आलो."

कार्तिकी पौर्णिमेनंतर ठकीने पाणीही सोडले. तोंडाला व्रण आले. सलाईनचे पाणी पाठीवर जिरेना. डॉक्टरांनी विचारले, "इंजेक्शन द्यायचे का? त्रास होणार नाही. आधी भूल देतो, मग दुसरे." आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. चौदा वर्षांच्या जिवाचा निर्णय तोंडातून निघत नव्हता. सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "दावं सोडा तिचं. किती दिवस बांधून ठेवणार?"

परसातल्या पेरूखाली तिला पुरले. शेगडी आणि पातेले घासून माळ्यावर ठेवले.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, अतिवृष्टी झाली. परंडा आणि भूम भागात पाणी गावात शिरले, पिके गेली, गोठ्यातली जनावरे दगावली. नात आजीला रोज पेपर वाचून दाखवी. सासूबाईंचा प्रश्न ठरलेला असे, "दावी सोडली होती का कुणी?" त्यावर नातीजवळ काय उत्तर असणार! वसुबारस जवळ आली तेव्हा आमच्या गल्लीतली मुले पूरग्रस्त गावांसाठी चारा गोळा करीत होती. नातीने फटाक्यांचे पैसे आपण होऊन त्यात दिले. सासूबाईंनी आपल्या पेटीतले पैसे काढून कडबा आणवला. टेम्पो दारात उभा राहिला, तेव्हा त्या हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आल्या. पहिल्या पेंढीला बोट लावले आणि चालकाला म्हणाल्या, "बाबा, जनावरं सुटी करून मग चारा टाका म्हणावं."