नाव बरोबर आहे, फॉर्मच चुकतोय

मोबाइलवर फॉर्म भरताना तुम्हालाही असा अनुभव आलाच असेल. नाव लिहिलं, दोनदा तपासलं, तरी खाली लाल अक्षरात सूचना येते, ‘कृपया योग्य नाव टाका.’ जन्मापासूनचं नाव अयोग्य कसं? घरातली मोठी माणसं मग ‘मला हे जमत नाही बाई’ म्हणत फोन नातवाच्या हातात देतात. पण चूक अनेकदा त्यांची नसतेच.

फॉर्मच्या रकान्यामागे एक छोटा पहारेकरी बसलेला असतो, त्याला व्हॅलिडेटर म्हणतात. ‘रकाना रिकामा नको’, ‘ईमेल ईमेलसारखा दिसू दे’ असे साधे पहारेकरी वेबसाइट बनवण्याच्या फ्रेमवर्कमध्ये तयारच मिळतात. पिन कोड किंवा आयएफएससी कोड तपासणारा मात्र स्वतः लिहावा लागतो. अँग्युलर या फ्रेमवर्कमध्ये तर गंमत आहे. सगळं ठीक असेल तर व्हॅलिडेटर ‘नल’, म्हणजे ‘काही नाही’ असं उत्तर देतो आणि चूक असेल तरच तिचं नाव सांगतो. आमटी छान झाली तर गप्प बसायचं आणि मीठ कमी पडलं की लगेच बोलायचं, अशी माणसं तुमच्याही घरी असतील!

असा एक पहारेकरी मीही लिहिला होता, इंदूरच्या आमच्या कॉलनीतल्या नेत्रतपासणी शिबिराच्या नोंदणीसाठी. ‘नावात फक्त अक्षरं चालतील’ असा नियम घातला आणि कमल, मदन, शरद ही नावं टाकून पाहिली. तिन्ही पास. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रमाकाकूंना फॉर्मने परत पाठवलं. त्यांनी चार वेळा प्रयत्न केला आणि कुणाला न सांगता नाद सोडला. मोतीबिंदू त्यांनाच होता.

घोटाळा कुठे झाला, पाहा. संगणकासाठी ‘र’ आणि ‘म’ ही अक्षरं आहेत, पण ‘मा’मधला काना हे अक्षर नाही, ती वेगळ्या वर्गातली खूण आहे. वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळ्यांचं तेच. पहिलीत काना-मात्रा नसलेले शब्द आधी शिकवतात ना, नेमकी तसलीच नावं मी चाचणीला घेतली होती. लांबीची मर्यादा घालतानाही हे लक्षात ठेवावं लागतं. आपल्याला तीन अक्षरी वाटणारं ‘क्षितिज’ जावास्क्रिप्ट सात मोजते.

तुमच्या घरी कुणी वेबसाइट बनवायला शिकत असेल तर त्यांना हे जरूर वाचून दाखवा. व्हॅलिडेटर तपासायला अख्खी वेबसाइट चालू करावी लागत नाही, ते एक साधं फंक्शन असतं. एक फॉर्म कंट्रोल तयार करायचा, त्यात मूल्य ठेवायचं, तो फंक्शनला द्यायचा आणि उत्तर ‘नल’ आलं की चूक, ते पाहायचं. हे काम क्षणभराचं. खरा वेळ कोणती मूल्यं द्यायची, हे ठरवण्यात जायला हवा.

मोबाइल नंबरचंच घ्या. ‘दहा अंक हवेत’ असा नियम लिहिताना सुरुवात आणि शेवटाची खूण राहिली, तर बारा अंकही बिनदिक्कत आत जातात, कारण त्या बारांत दहा अंक असतातच. म्हणून नऊ, दहा आणि अकरा, तिन्ही देऊन पाहायचं. मराठी कीबोर्डवरून कुणी ‘९८’ असं देवनागरीत लिहिलं, तर जावास्क्रिप्टचा नेहमीचा अंकांचा नियम त्याला अंकच मानत नाही. आयएफएससी कोडमध्ये अकरा जागा असतात आणि पाचव्या जागी शून्य. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकणारे खूप, तो अडवलाच पाहिजे. पण कोड व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवताना मागे एखादी मोकळी जागा आली, तर माणसाला कशाला अडवायचं? ती आपणच काढून टाकावी.

तारखा तर फारच फसव्या. २०२३ मध्ये २९ फेब्रुवारी नव्हती. पण वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे दिले, तर जावास्क्रिप्ट तक्रार न करता १ मार्च करून मोकळी होते. २०२४ ची २९ फेब्रुवारी मात्र खरी, ती पास व्हायलाच हवी. आणि रिकामा रकाना? तो सक्तीचा नसेल तर आपल्या व्हॅलिडेटरने तिथे गप्प बसावं. नाहीतर ईमेल नसलेल्या आजोबांना ‘ईमेल चुकला’ असं ऐकावं लागतं.

तुमच्याच बाबतीत असं झालं, तर नेमकं काय टाइप केलं होतं ते दिसेल असा स्क्रीनशॉट मदत विभागाला पाठवा. ‘फॉर्म चालत नाही’ एवढ्यावरून दुरुस्त करणाऱ्याला काहीच कळत नाही.

माझ्या चाचणीच्या यादीत आता सगळ्यात वर ‘रमा’ आहे. खाली ‘ज्ञानेश्वर’, ‘डी’सूझा’ आणि आडनाव न लावणारी ‘मीरा’. रमाकाकूंची नोंदणी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून केली. नाव मात्र त्यांनीच टाइप केलं.