अंगण, चूल आणि खेळ

आमच्या घरापुढील अंगण पूर्वी पन्नास पावलांचे होते. आज त्यातील चोवीस पावले आमच्याकडे आहेत, पंचवीस चुलत्यांकडे आहेत आणि राहिलेले एक पाऊल मधली भिंत व तिच्या कडेची गटार यांखाली गेले आहे. २०१७ साली ही भिंत झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. समाजशास्त्राच्या तासाला 'एकत्र कुटुंब' हा भाग चालू असताना मला राहून राहून ती भिंतच डोळ्यांपुढे येत होती. वर्गात कुटुंबाच्या व्याख्या झाल्या, प्रकार झाले, विघटनाची कारणे झाली. पण त्या कुटुंबातील मुले कोठे आणि काय खेळत होती, हे कोणी विचारले नाही. मीही वर्गात विचारले नाही. घरी येऊन आजीला विचारले. त्यातून हा लेख तयार झाला आहे. विद्वत्तेचा दावा नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली, तेव्हा चूकभूल वाचकांनी सांभाळून घ्यावी.

आमचे कासुर्डी गाव दौंड तालुक्यात, यवतजवळ, पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. खडकवासल्याचा उजवा कालवा याच तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जातो. त्यामुळे आमच्या भागाची ओळख आता ऊस आणि गुऱ्हाळे हीच झाली आहे. आजीचे माहेर मात्र शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या बाजूचे. तिच्या लहानपणी तिकडे कोरडवाहू ज्वारी-बाजरी होती.

"खेळ कसला गं बाई," आजी म्हणाली, "काखेत पोर आन् हातात खडे, ह्योच आमचा खेळ."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले, कारण त्यात पुष्कळ काही आहे. आजीच्या पाठीवर पाच भावंडे. आई रानात गेली की धाकटे मूल आजीच्या कडेवर. त्याला मांडी घालून बसवायचे आणि समोर खडे मांडायचे. सागरगोटे म्हणजे खरे तर एका काटेरी झुडपाच्या करड्या, टणक बिया. त्या गावात नेहमी कोठून मिळणार? म्हणून नदीतले गुळगुळीत खडे. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. बसल्या जागी, एका हाताने, मूल सांभाळता सांभाळता खेळता येणारा हा खेळ आहे. मुलींचे बरेचसे खेळ बैठे का, याचे उत्तर मला तरी येथे सापडले. मुलींचा स्वभावच शांत असतो वगैरे जे सांगितले जाते ते काही खरे नव्हे. त्यांच्या कडेवर कोणीतरी असे, एवढेच. फुगडी, झिम्मा, पिंगा, नागपंचमीचा झोका, हादगा हे अंग मोकळे करणारे खेळ त्यांच्या वाट्याला आले ते सणांच्या निमित्ताने, म्हणजे वर्षातील मोजक्या दिवशी.

मुलगे मात्र रोज मोकळे. अर्थात गुरांमागे असत, पण मोकळे. माझ्या आजोबांचे विटी-दांडू, सूरपारंब्या, हुतूतू हे सर्व गुरे राखता राखताच झाले. ज्वारीच्या ताटाचा आतला मऊ भेंड आणि वरची चिपाडे यांची ते बैलगाडी करीत. चाके, जू, साटी, सगळे त्यातच. खिळा नाही की दोरी नाही. चिपाडाचे टोक भेंडात खोचले की झाले. वडिलांनीही अशा गाड्या केल्या. मला ती करता येत नाही, आणि याचे कारण मी आळशी आहे असे नसून आमच्या रानात ज्वारीच नाही, हे आहे.

हा मुद्दा मला थोडा विस्ताराने मांडावासा वाटतो. खेळ बदलले म्हणजे मुलांची आवड बदलली, असे आपण सरसकट म्हणतो. पण ज्वारीचे रान आणि उसाचे रान यांचा हिशेब पाहा. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनात निघे. शेणाने सारवलेल्या खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. मळणी झाली की खळे मोकळे होई आणि पाडव्यापासून मृगापर्यंत सारे शिवार उघडे पडे. दोन-अडीच महिने गावातील पोरांना न मागता मैदान मिळत असे, तेही सपाट आणि नेमके उन्हाळ्याच्या सुटीत. उसाचे तसे नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो, तो तुटला की त्याचाच खोडवा. रान रिकामे होतच नाही. कालव्याच्या पाण्याने आमच्या घरात पैसा आणला, माझी फीही त्याच पाण्यातून भरली जाते, हे मी विसरत नाही. पण त्याच पाण्याने हुतूतूचे मैदान नेले, हेही लिहून ठेवायला हवे. पुढे महामार्ग चौपदरी झाला, कडेची जुनी झाडे गेली आणि सूरपारंब्यांचा प्रश्नच मिटला.

विटी-दांडूचा उल्लेख आला आहे म्हणून एक गंमत सांगते. आमच्याकडे या खेळातली मोजणी 'वकट, लेंड, मुंड, नाल, आर, वेद, झक्कू' अशी. दर मोजणीला विटी अंगाच्या वेगळ्या जागी ठेवून टोलवायची. वडिलांना वाटे की हे शब्द निरर्थक, पोरांनी केलेले. पण मराठीच्या सरांनी वर्गात फळ्यावर तेलुगू आकडे लिहिले: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु. म्हणजे वकट हा एक, लेंड दोन, मुंड तीन, नाल चार. मग मधला ऐदु कोठेतरी गळाला आणि आर, वेद हे सहा-सात आपले पाच-सहा होऊन बसले. झक्कू कोणाचा ते मात्र कळत नाही. ज्यांनी तेलुगू कधी ऐकली नाही अशा गुराखी पोरांच्या तोंडी हे आकडे किती पिढ्या राहिले! वडील हे ऐकून बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही दोन भाषा शिकलो होतो म्हण की!" त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे.

आता कुटुंबाकडे वळू. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत एक छप्पर, एक चूल आणि सामाईक मालमत्ता ही प्रमुख आहेत. आमच्या घरी ही तीन लक्षणे एकदम गेली नाहीत. एकेक करून गेली. आधी चूल वेगळी झाली. आई लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, २००४ मध्ये. मग सातबारावर नावे वेगळी झाली. छप्पर आणि अंगण शेवटपर्यंत एकच राहिले. आणि मला आठवते ते असे, की चूल वेगळी झाली याचा आम्हा मुलांना पत्ताही नव्हता. आम्ही चार चुलत भावंडे आणि शेजारची पाच-सहा, दोन्ही चुलींवर जेवत होतो. ज्या घरात आमटी चांगली तेथे बसायचे. रान वाटले गेले तेव्हाही आमची लगोरी चालूच होती. आमचे एकत्र कुटुंब मोडले ते भिंत झाली त्या दिवशी. समाजशास्त्राच्या पुस्तकांत ही तारीख वेगळी पडेल. मुलांच्या हिशेबाने ती हीच.

वाटणीत कोणाचे चुकले यात मला शिरायचे नाही. चुलत बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिच्याबरोबर मी भातुकली खेळले, तिच्याबरोबरच शाळेत गेले. भिंतीनंतर पहिले काही दिवस आम्ही विटेच्या फटीतून चिंचोके एकमेकींकडे टाकत होतो. मग गिलावा झाला.

भिंत नसती तरी खेळ टिकले असते का? येथे मला प्रामाणिकपणे थांबावे लागते. हुतूतूला एका बाजूला सात गडी लागतात, खो-खोला नऊ. आजीच्या माहेरच्या वाड्यात एका घरातच एक संघ उभा राहत असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी जवळजवळ तीन मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत ही सरासरी १.७ वर आली. आम्ही दोघे भावंडे, चुलत्यांकडे दोघे. चौघांत लगोरी होते, खो-खो होत नाही. पण याबद्दल हळहळ करावी काय? आजीला सहा मुले झाली, त्यांतील चार जगली. तिचे लग्न तेराव्या की चौदाव्या वर्षी झाले, ते तिलाही नक्की सांगता येत नाही. शारदा कायदा १९२९ चा. मुलींचे वय त्यात आधी चौदा होते, १९४९ मध्ये पंधरा झाले आणि १९७८ मध्ये अठरा. कायदा होता, पण गावात कोण विचारतो! १९७२ च्या दुष्काळात आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि कडेवर तिचे पहिले मूल होते. काखेतले पोर तेच राहिले, फक्त भावाच्या जागी मुलगा आला. हातात खडेही तेच, पण आता ते झेलायचे नव्हते. "सासरी कोण खेळतंय, हसं हुईल," असे तिने मला सांगितले. माझे वय आज एकोणीस आहे आणि मी लेख लिहीत बसले आहे. जुने दिवस परत यावेत असे म्हणताना कोणाचे जुने दिवस, हे मुलींनी तरी आधी विचारून घ्यावे.

याचा पुरावा पाहायचा तर लांब जावे लागत नाही. दिवाळीनंतर आमच्या शिवारात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, बहुतेक बीडकडच्या. पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या पडतात. आई-बाप पहाटे फडात जातात आणि कोपीपुढे आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला मांडीवर घेऊन खडे खेळत बसलेली असते. अगदी आजी सांगते तशी. आजी तिच्याकडे पाहून म्हणते, "बघ, अजून खेळ हाय." पण ती मुलगी त्या वेळी शाळेत असायला हवी होती.

इतिहासाच्या तासाला इनामगावचे नाव ऐकले तेव्हा मी चमकले, कारण ते आजीच्या माहेरच्या तालुक्यातले, घोड नदीच्या काठचे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ती शेतकरी वस्ती. तेथे मातीचे बैल सापडले. दगावलेल्या लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्या जमिनीखालीच पुरलेले सापडले. मूल गेले तरी घराबाहेर न्यायचे नाही, असे त्या माणसांना वाटले असावे. आणखी एक गोष्ट अशी, की आधीच्या काळातली घरे मोठी व चौकोनी आहेत, शेवटच्या काळातली लहान व गोल झोपड्यांसारखी. पाऊसमान घटले, शेती खालावली आणि घरे आकसली, असे उत्खनन करणाऱ्यांचे म्हणणे. म्हणजे रान बदलले की घर बदलते, हे आमच्याच पिढीत घडले असे नाही. आमच्याकडे पाणी वाढून घरे आकसली, त्यांच्याकडे पाणी आटून, एवढाच फरक.

दूरदर्शनबद्दल थोडे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, पण आमच्या आळीत संच आला तो पुष्कळ उशिरा. १९८७ साली रामायण मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी सगळी आळी एका ओसरीवर बसे, असे वडील सांगतात. तो संचही एक अंगणच होता म्हणा ना. मोबाईलचे तसे नाही. आमच्या घरात चांगला फोन आला २०२० मध्ये, टाळेबंदीत, भावाच्या ऑनलाईन शाळेसाठी. आईने त्यासाठी दोन शेळ्या विकल्या. शाळा पुन्हा भरली, फोन मात्र भावाच्या हातातच राहिला. तो आता तेरा वर्षांचा आहे. आम्ही सगळे त्याला बोलतो. पण त्याला खेळायला दुसरा गडी आणि जागा कोणी दिली, हे विचारले तर घरात कोणी बोलत नाही.

गंमत अशी की खेळ तसे मेलेले नाहीत. २०१४ पासून कबड्डीची लीग दूरचित्रवाणीवर दिसते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. तो अंतिम सामना भावाने पाहिला. कोठे, तर मोबाईलवर. पण पाहून झाल्यावर उठून त्याने मला विचारले, "ताई, आपल्याकडं नऊ जण हायेत का?" आम्ही मोजले. भिंतीच्या दोन्ही बाजू धरून आळीत सात भरली, त्यांतली दोन फार लहान.

तेव्हापासून तो संध्याकाळी चेंडू घेऊन अंगणात जातो. चेंडू हटकून पलीकडे जातो. भिंतीला दार नाही, त्यामुळे तो वरून चढतो. आतापर्यंत दोनदा गुडघा फुटला आहे. मागच्या आठवड्यात पलीकडून कोणीतरी भिंतीला लागून चार विटा रचून ठेवल्या आहेत, पाय द्यायला. कोणी ठेवल्या ते आमच्या घरात अजून कोणी विचारलेले नाही.